माझी तपकिरी पिल्लं

मी बोलतेय. नागीण समजून हात जोडू नका, मला फणाच नाही. मी परदेशी जातीची, बिनविषारी, पाळीव सापीण. अंगानं लालभडक, काळ्याचा ठिपकासुद्धा नाही. राहते जळगावात, श्रेयांसच्या साड्यांच्या दुकानामागच्या गोदामात. घर जैनांचं आणि मी खाते उंदीर, त्यामुळे घरात मला मज्जाव आहे.

श्रेयांसला पांढरा साप हवा होता. नुसता हवा नव्हता, त्याचा ध्यासच घेतला होता त्यानं. शेवटी त्याच्या आई, सुगनबाई, वैतागून म्हणाल्या, "एकदाची काढ ती पांढरी पिल्लं. नाही झाली, तर साप बंद."

मग त्यानं माझ्यासाठी राखाडी नर आणला. त्याच्या अंगात लालीचा लवलेश नव्हता. श्रेयांस पडला कापडवाला! हिच्यात काळा नाही, त्याच्यात लाल नाही, दोन्ही रंग उतरले की राहिलं पांढरं, असा त्याचा हिशेब. मला विचारलं कुणी?

अंडी फुटली आणि सगळी पिल्लं निघाली तांबूस तपकिरी, अगदी चारचौघांसारखी. निघणारच! बापाकडे नव्हता तो लाल मी दिला, माझ्याकडे नव्हता तो काळा बापानं दिला. आईबाप लेकरांना उणं पडू देतात का? पण श्रेयांसनं कपाळाला हात लावला. एकाही पिल्लाला त्यानं धड जवळ घेतलं नाही. माझा असा संताप झाला की कितीतरी दिवस मी अन्नाला तोंड लावलं नाही.

धुळ्याहून त्याचा मित्र किरण आला. तोही साप पाळतो. पिल्लं बघून तो हसला.

"भाऊ, पांढरा रंग यासना पोटमा लपेल शे. यासनाच आपसमा जोडा लाव. सोळामा एखादं पांढरं येई."

श्रेयांसचा चेहरा खुलला. पण दारात सुगनबाई उभ्या होत्या.

"आपसात? एकाच आईची ना ही? भावाबहिणीचा जोडा माझ्या छताखाली लागणार नाही!"

"मम्मी, साप आहेत ते!"

"असू देत. आपण तर माणसं आहोत ना?"

अहो, आम्हाला ना गोत्र, ना राखी! पण सांगू कुणाला? ठरल्याप्रमाणे पिल्लं देऊन टाकायची आणि दोन पिल्लं एका घरी द्यायची नाहीत, हेही सुगनबाईंनी बजावलं. मग एक फैजपूरला, एक शिरपूरला, अशी माझी लेकरं पांगली.

आज शेवटच्या लेकीला न्यायला जामनेरचा माणूस आला.

"साधीच ना ही?" त्यानं विचारलं.

"साधीच," श्रेयांस म्हणाला.

साधी नाही रे ती! जामनेरवाले दादा, तिच्या कातडीवर जाऊ नका. उद्या तिला पिल्लं झाली, तर ती कोणत्या का रंगाची असेनात, एकदा हातात घ्या. एवढंच मागते.

श्रेयांसनं तिला डब्यात सोडलं, झाकण लावलं. मग माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणाला, "तुझ्याकडून एक पांढरं पिल्लू झालं नाही."