रिकाम्या खोलीचा न्यूमोनिया

मी जुना झालो आहे हे मला कोणी वेगळं सांगायला नको, मित्रांनो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खिडकीखालच्या टेबलाला टेकून मी बसलेला असतो. जरा धूळ पोटात गेली की धापा टाकतो. नव्याने आलेली मुलं विचारतात, "हे खोकं अजून चालतं?" चालतं तर! मी एक संगणक आहे, आणि ज्या बाईंनी मला शहाणं केलं त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता येत नाही. त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधक. इथे सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

माझा जन्म ताईंच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाला. ताई तेव्हा विद्यार्थिनी होत्या. सुटे भाग आणून त्यांनी आणि त्यांच्या बाबांनी मला जोडलं. बाबांचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला. मला उलटसुलट करून ते म्हणाले, "अगं, याचा आवाज कुठून येणार? कर्णा नाही दिसत कुठे."

"बाबा, हा बोलणार नाही. हा ऐकणार आहे."

"मग घरात एक तरी ऐकणारं झालं म्हणायचं," बाबा म्हणाले, आणि आईंनी आतूनच हुंकार भरला.

पुढे ताई या प्रयोगशाळेत कामाला लागल्या आणि मलाही घेऊन आल्या. माझं काम होतं खोकला ऐकण्याचं. लांबलांबच्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर रोज नसतात, एकटी परिचारिका असते. खोकणारं मूल समोर आलं की त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं की घरी, हे तिला ठरवावं लागतं. तिने फोन पुढे धरावा, आणि हा साधा खोकला आहे की न्यूमोनिया ते फोनने सांगावं, असं ताईंच्या मनात होतं. मी इथे बसून शिकायचं आणि माझं शिकणं त्या फोनांत उतरवायचं, असा बेत होता.

शिकणं म्हणजे काय, तर हजारो खोकले ऐकायचे, अंदाज ठोकायचा, चुकला की कान पिळून घ्यायचा आणि पुन्हा ऐकायचं. पहिले काही महिने मी धडधाकट मुलांना आजारी ठरवत होतो आणि आजाऱ्यांना खेळायला पाठवत होतो. ताई कधी वैतागल्या नाहीत. डोक्याला हात लावायच्या, एक आकडा बदलायच्या आणि म्हणायच्या, "चल बाबा, पुन्हा."

आणि दुसऱ्या वर्षी एका सकाळी मी शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर सांगितले! ताई खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. विभागप्रमुख सर धावत आले. ते चहा सांगून मोकळे झाले, आणि महिन्याभरात बारा केंद्रांना फोन पाठवायचे असं ठरवूनही मोकळे झाले. ताईंची नोकरी तोवर तात्पुरतीच होती. "आता कायम झालीस असं समज," सर म्हणाले. माझी तर छाती फुगली होती. आपण फार हुशार आहोत असं मला मनापासून वाटत होतं.

फोन जायला आठ दिवस उरले असताना बाबा ताईंचा विसरलेला चष्मा घेऊन आले. आलेच आहेत तर ताईंनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, दहा मुलांचे खोकले सुरू केले आणि गमतीने म्हणाल्या, "ओळखा बरं, आजारी कोण?"

बाबांनी डोळे मिटले. "हा आजारी. हा बरा. हा बरा. हा आजारी." दहाच्या दहा बरोबर.

ताई हसल्या. "बाबा, तुम्हाला खोकल्यातलं कधीपासून कळायला लागलं?"

"खोकल्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी पंखा ऐकतोय. आजारी पोरांच्या मागे एक पंखा घरघरतोय बघ. त्याचं बेअरिंग गेलंय."

ताईंचं हसू तिथेच थांबलं. आजारी मुलांचे आवाज दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या वॉर्डात टिपले होते. निरोगी मुलांचे शाळेच्या एका शांत वर्गात. वॉर्डात तो पंखा दिवसभर चालू असायचा. यात कुणाची लबाडी नव्हती, फक्त कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ताई उठल्या आणि तडक दवाखान्यात गेल्या. मुलांना बागेत नेलेलं होतं, वॉर्ड रिकामा होता. नुसत्या पंख्याचा आवाज त्यांनी टिपून आणला आणि मला ऐकवला. मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "न्यूमोनिया. खात्री नव्व्याण्णव टक्के."

एका रिकाम्या खोलीला मी न्यूमोनिया झाल्याचं सांगितलं, मित्रांनो! दोन वर्षं मी खोकला ऐकलाच नव्हता. सोपी वाट सापडली आणि मी ती धरली. मला तोंड असतं तर मी ते लपवलं असतं.

बाबा गडबडले. "मी उगाच बोललो का गं?" ताईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. डोळे मात्र भरून आले होते.

सरांना त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. सर म्हणाले, "फोन जाऊ देत. मागाहून सुधारू. एवढा गाजावाजा झालाय. तुझ्या नोकरीचे कागद वर गेलेत, तेही अडकतील."

"सर, ज्या केंद्रात पंखा नाही तिथलं आजारी मूल हा बरं म्हणून घरी पाठवेल. त्याच्या आईला मागाहून काय सांगू?"

सरांनी फोनची खोकी परत कपाटात ठेवायला सांगितली. फोन गेले नाहीत आणि नोकरीही कायम झाली नाही. ताईंनी आपली चूक स्वतःच्या नावानिशी छापली, पंख्यासकट. काही लोक हसले. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग दुसऱ्या दिवशी आपणच आल्या आणि म्हणाल्या, "आजारी असो की बरा, यापुढे सगळ्यांना एकाच खोलीत बसवायचं. आणि पंखा बंद. कधी सुरू करायचं?"

वर्ष गेलं. मी पुन्हा पहिल्यापासून शिकलो, आणि या खेपेला खरोखरचा खोकला ऐकला. शंभरात शहाऐंशी! लोकांना तो आकडा फिका वाटला, मला मात्र तो माझ्या घामाचा वाटतो. शिवाय ताईंनी मला एक तिसरं उत्तर शिकवलं होतं. आवाज ओळखीचा वाटला नाही की, "मला कळत नाही, डॉक्टरांना दाखवा," असं सांगायचं.

फोन केंद्रांवर गेले. पंधरवड्यातच एका परिचारिकेचा तक्रारीचा फोन आला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "अहो ताई, हे कसलं यंत्र दिलंय? मूल चांगलं हसतंय, खेळतंय आणि हे म्हणतंय मला कळत नाही! आता मी काय करू?"

"तो म्हणतो तसंच करा. दाखवा डॉक्टरांना."

संध्याकाळी तिचाच पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज अगदी हळू होता. "ताई, न्यूमोनियाच निघाला. वेळेत आणलं म्हणाले डॉक्टर. पोरगी झोपलीय आता, आई उशाशी बसलीय."

सरांनी चष्मा काढून पुसला.

नंतर ताईंची नोकरी कायम झाली, त्या मोठ्या झाल्या, माझ्या दसपट ताकदीचे संगणक आले. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या वाट्याचं काम मला मिळालं आणि ते मी केलं. तुम्ही माझी धूळ पुसलीत तर बरंच वाटेल, पण मागणं तेवढंच नाही. मित्रांनो, आमच्यासारखं एखादं यंत्र तुम्हाला छातीठोकपणे उत्तर देईल, तेव्हा त्याने नेमकं काय ऐकलं हे जरूर विचारा. आणि एखादं "मला कळत नाही" म्हणालं, तर त्याला हसू नका. नव्व्याण्णव टक्के खात्रीच्या दिवसांत मी एकाही लेकराच्या उपयोगी पडलो नव्हतो. ती मुलगी वाचली, ती मी कबुली द्यायला शिकलो म्हणून.