आचका न देता

सासरची जुनी गाडी घेण्यात भिंगरावांना तीन फायदे दिसत होते. पहिला उघड होता: बाजारात अशी गाडी एवढ्याला मिळाली नसती. दुसरा म्हणजे मेहुण्यावर उपकार झाले, आणि उपकार ही अशी ठेव की जिचं व्याज दर भेटीला मिळत राहतं. तिसरा फायदा त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली होती, गाडीला कधी ओरखडाही येऊ दिला नव्हता. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या जावयाला ते अजून 'काचा विकणारे' म्हणत आणि त्या दुकानाची पायरी त्यांनी एकदाही चढली नव्हती. "माझी नजर घारीची आहे, जावईबापू. गिऱ्हाईक दुसरीकडे शोधा." आता त्यांचीच गाडी आपल्या दारात उभी राहणार, म्हणजे म्हातारा कधीतरी मान वाकवून आपल्या शेजारी बसणार, असा तो हिशेब.

भिंगराव हे नावही सासरचंच. टोमॅटोसुद्धा उजेडात धरून घेणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? गाडी घेताना त्यांनी बॅटरी लावून तिचं बूड पाहिलं, पत्र्यावर टिचक्या मारल्या, तेलाचा वास घेतला. खोट सापडेना, तशी उलट त्यांना चुटपुट लागली.

"मग विकतोस कशाला?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टइतकंच बोलायचा. "लावायला जागा नाही, दाजी."

जागा तर समोर दिसत होती. पण किंमत ऐकल्यावर भिंगरावांनी तिच्याकडे काणाडोळा केला.

पंधरवडाही सरला नसेल. भिंगराव नव्या फ्रेम्सचं खोकं सीटखाली सरकवून दुकानाकडे निघाले होते, शेजारी बायको होती. चौकात कुणीतरी आडवं आलं, त्यांनी करकचून ब्रेक दाबला, आणि इंजिन बंद पडलं. कुरकुर नाही, धूर नाही. चावी फिरवली की स्टार्टर घरघरायचा, पण इंजिन काही पेट घेईना. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला.

"माझ्या माहेरची गाडी आहे म्हणून मुद्दाम बंद पाडलीत का?" बायको म्हणाली.

"तुझ्या माहेरची आहे म्हणूनच बंद पडली," भिंगराव म्हणाले आणि ढकलायला खाली उतरले.

दोरीला बांधून गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये आली. मिस्त्री बोलका होता, आणि बोलक्या माणसाचं निदान तोंडातून आधी बाहेर पडतं. प्लग काढून त्याने ठिणगी पाहिली. ठिणगी नव्हती. "कॉइल गेली," तो म्हणाला आणि नवी कॉइल बसवून मोकळा झाला. गाडी तशीच. भिंगराव म्हणाले, "जुनी चांगली होती तर नवी परत घ्या." मिस्त्री म्हणाला, "बसवलेली वस्तू कोण परत घेतं, साहेब? तुम्ही डोळ्यावर चढवलेला चष्मा घेता का?" भिंगराव घ्यायचे नाहीत. त्यांनी पाकीट काढलं.

मग मिस्त्रीने शेवटी तो प्रश्न विचारला जो पहिल्यांदा विचारायला हवा होता. "गेली कशी? आचके देत की एकदम?"

"एकदम. दिवा घालवल्यासारखी."

"हे आधी सांगायचं ना! पेट्रोलची तक्रार असली की गाडी आचके देते, रडते, मग मरते. एकदम जाते ती करंट तुटला की." त्याने कॉइलच्या वायरला टेस्टरचा दिवा लावला. दिवा पेटेना. फ्यूज शाबूत होता. मग त्याने ती वायर हाताने चाचपत मागे नेली, आणि डॅशबोर्डखाली तिला एक परकी निळी वायर जोडलेली सापडली. निळी वायर गालिच्याखालून ड्रायव्हरच्या सीटखाली गेली होती. तिथे टेबललॅम्पला असतं तसलं एक छोटं बटण होतं, आणि ब्रेकच्या धक्क्याने सरकलेलं फ्रेम्सचं खोकं त्याला टेकलेलं.

मिस्त्रीने खोकं ओढलं, बटण दाबलं. टक. चावी फिरवताच इंजिन सुरू झालं.

"चोरासाठी बसवलेलं दिसतंय," मिस्त्री म्हणाला. "मालकाने सांगितलं नाही?"

भिंगराव जोड पाहत होते. बारीक, नेटका, तीन वेढ्यांच्या पिवळ्या पट्टीचा. त्यांच्या दुकानाच्या पाटीवरच्या दिव्यालाही असाच जोड होता, मेहुण्याने दिलेला. त्यांनी वायर सरळ जोडून घेतली, बटण खिशात टाकलं आणि गाडी बायकोसकट तडक सासरी नेली. खिशात आता पुरावा होता. थोडे पैसे परत घ्यायचे, आणि चार शब्द सुनावायचे ते वेगळेच.

सासरे पुढच्या खोलीत बसले होते. मेहुणा त्यांच्या मागे दारात उभा. गाडी चौकात बंद पडली एवढंच भिंगराव बोलले, तोच म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला.

"बघ! मी घसा फोडून सांगत होतो! माझ्या हातात दरवेळी दगा द्यायची. दारातून हलायचीच नाही. जरा रस्त्यावर आली असती तर मी आजही चालवली असती. पण तिच्यातच खोट!"

बोलताना त्यांचा चेहरा जावयाकडे नव्हता, जावयाच्या खांद्यापलीकडे होता. भिंगरावांना आधी तो अपमान वाटला. मग धंद्याची नजर जागी झाली. नजरेचा मधला भाग पुसला गेला की माणूस समोरच्याकडे कडेने बघायला लागतो. बायको आतून पाणी घेऊन आली, तेव्हा तिची बांगडी वाजेपर्यंत म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही.

दारातल्या मेहुण्याने नकारार्थी मान हलवली. इतकी हळू, की फक्त भिंगालाच दिसावी.

खिशातलं बटण भिंगरावांच्या बोटांत आपोआप दाबलं गेलं. टक. बाहेर काढलं तर पैसे मिळणार होते, आणि भिंगरावांना कुणी फसवू शकत नाही हे नावही राहणार होतं.

"खोट गाडीतच होती," ते म्हणाले. "वायर कुजली होती."

म्हातारा खदखदून हसला. "म्हणजे माझ्या पोराने तुम्हाला टोपी घातली? तुम्हाला? भिंगरावांना?" ते नाव तोंडावर त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. मग हसू ओसरलं. "पण हे बरं नाही झालं. आमच्या घरातून खोटी वस्तू गेली. भरपाई काय घ्याल?"

"दुकानात या. एक चष्मा घ्या."

"मला चष्मा लागत नाही. पण नुकसान तुमचं झालंय, तर घेतो."

जिन्यात मेहुण्याने दाजींचा दंड धरला. "शेजारची पोरगी सायकलवर होती, दाजी. थोडक्यात वाचली. बाबांना ती दिसलीच नव्हती, अजून माहीत नाही त्यांना. सांगायची छाती झाली नाही, म्हणून ते बटण. ताईच्या कानावर घातलं असतं, तर संध्याकाळी त्यांना कळलं असतं." ताई मागेच होती. एरवी तिने भावाला धुऊन काढलं असतं.

सासरे खरंच आले, मान वाकवून, शेजारच्या सीटवर बसून. तपासणीच्या खुर्चीत त्यांनी फळ्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर ओळखलं. खालच्या ओळीला ते थांबले, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. भिंगरावांनी एकामागून एक काचा बदलल्या. कुठलीच लागू पडेना. हे काचेचं काम नव्हतं, मोठ्या डॉक्टरांचं होतं, आणि हे कसं सांगावं या विचारात त्यांचा हात खिशात गेला.

टक.

म्हाताऱ्याने मान आवाजाकडे वळवली. "हा आवाज," तो हळूच म्हणाला. "मी निघालो की पोरगा आधी गाडी पुसायला आत वाकायचा. हाच आवाज व्हायचा. मग गाडी बंद."

भिंगरावांनी हात खिशातून बाहेर काढला.

"कुणाला धडकलो होतो का मी?"

"नाही. शेजारची पोरगी थोडक्यात वाचली."

सासऱ्यांनी तोंड पुन्हा फळ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "मला कळलं हे त्याला सांगू नका. आणि डॉक्टरचा पत्ता लिहून द्या, मोठ्या अक्षरात."

उठताना त्यांनी कबूल केल्याप्रमाणे एक चष्मा मागितला. नुसत्या काचांचा, बिननंबरचा. भिंगराव नको नको म्हणत होते, तरी घेतला.

आता हिशेब असा. मेहुण्याने खोटी वस्तू खपवल्याचं बोलणं खाल्लं, आणि ते त्याला स्वस्तात पडलं. भिंगरावांची एक कॉइल गेली आणि नाव गेलं. घरात अजून त्यांची टिंगल होते आणि ते होऊ देतात. पूर्ण किंमत मोजली ती एकट्या म्हाताऱ्याने, सूट न मागता.