साडूभाऊंचं व्हर्जन

पाणी खात्यात नकाशे सांभाळणारे आणि रस्ते खात्यात तेच काम करणारे गृहस्थ एकमेकांचे साडू. लोक थोरल्यांना पाणीवाले म्हणत, धाकट्यांना रस्तेवाले. सॉफ्टवेअरही दोघांचं एकच, जगभरची हौशी मंडळी मिळून बनवतात ते, फुकटचं. भांडायला एवढं साम्य पुरेसं होतं.

त्याचं नवं व्हर्जन दर काही महिन्यांनी येई. त्यातलं एखादं दीर्घायुषी ठरे. त्यात नवं काही घालायचं नाही, नुसती डागडुजी करायची. पाणीवाले अशाच एका जुन्या व्हर्जनला चिकटून होते. नवी चप्पल आधी दुसऱ्याच्या पायाला चावू द्यावी, असं त्यांचं मत. रस्तेवाले मात्र नवं व्हर्जन आलं की जेवण टाकून उठत. गोम अशी, की जुन्यातली फाइल नव्यात सुखाने उघडे, नव्यातली जुन्यात उघडत नसे.

रस्तेवाल्यांनी एक लांबलचक चर आखला आणि फाइल पाठवली. खोदाई सोमवारी. त्याच रस्त्याखालून अर्ध्या गावाचा मोठा नळ गेलेला. पाणीवाल्यांनी फाइल उघडली, तर पडदा पांढराफटक. छापील नकाशा मागावा, तर दोन्ही खात्यांत कागद बंद करण्याचा ठराव या दोघांनीच मांडलेला. उभ्या आयुष्यात एकमत झालं ते तेवढंच. फोनवर फोटो मागवला, त्यात चर आणि गटार एकाच रंगाचे.

जुन्यात करून पाठवा, असं पाणीवाल्यांनी कळवलं. उत्तर आलं, "साडूभाऊ, मी मागे येत नाही, तुम्हीच पुढे या." दोन दिवस हेच चाललं. शेवटी थोरलीने जेवताना नवऱ्याला सुनावलं, की तुम्ही मोठे, तुम्ही पडतं घ्या. तिकडे धाकटीनेही आपल्या नवऱ्याचे कान उपटले. एरवी दिवसभर फोनवर असणाऱ्या बहिणी नेमक्या याच विषयावर बोलल्या नव्हत्या.

रविवारी पाणीवाल्यांनी जड मनाने नवं व्हर्जन चढवलं. फाइल लगेच उघडली. चर बरोब्बर नळाच्या डोक्यावरून चालला होता. त्यांनी तो हातभर बाजूला सारला, फाइल परत धाडली आणि स्वतःच्या मोठेपणावर खूश होऊन आडवे झाले.

सकाळी रस्तेवाल्यांचा फोन आला. "तुमची फाइल उघडत नाही."

"न उघडायला काय झालं? मी नवं घेतलंय की."

पलीकडून बारीक आवाजात, "मी जुनं घेतलं. ही म्हणाली, मोठ्यांचा मान ठेवा."

"बरं, आधी जेसीबी थांबवा."

"फोन करतोय केव्हाचा. ड्रायव्हर कानात बोळे घालून बसतो."

पाणीवाले होते तसे, लेंग्यावर निघाले. पोचले तेव्हा यंत्राचं दातेरी तोंड वर गेलेलं. ते सरळ नळाच्या जागेवर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरने बोळा काढून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

"होतो की," पाणीवाले म्हणाले, "घरच्यांच्या आंघोळी उरकल्यात का, तेवढं विचारून घ्या."

ड्रायव्हरने यंत्र बंद केलं. तेवढ्यात रस्तेवाले धापा टाकत आले. मग पाणीवाले नळावरून पुढे चालले, मागोमाग रस्तेवाले चुन्याची रेघ ओढत, आणि रेघेपासून हातभर अंतर राखून जेसीबी. नळ वाचला.

पुढचं दीर्घायुषी व्हर्जन दोघांनी एकाच दिवशी, एकाच खोलीत, बायकांच्या देखत घ्यायचं ठरलं आहे. वेळापत्रकाप्रमाणे त्याला अजून अवकाश आहे. तोवर गावात कुठेही खणायचं झालं, की रस्ते खातं रीतसर विनंती करून पाणीवाल्यांना नळावर उभं राहायला बोलावतं.