डिटेस्ट आणि माडग्याची वाटी

"सर, तुमी सगळ्यात जास्त काय डिटेस्ट करता?"

हे विचारायची पैज मोनिका आणि हर्षालीनं माझ्याशी लावली होती. आधी मी वर्गात तोंडच उघडत नव्हते, पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून ते मिटतच नाही. रणधीर सरांनी नुकताच अर्थ सांगितला होता, डिटेस्ट म्हणजे किळस येईपर्यंत नावडणं.

सर हळूच म्हणाले, "हुलग्याचं माडगं."

अख्खी दहावी माझ्याकडं वळली. सर दर रविवारी आमच्या घरी जेवतात, आणि दर रविवारी हुलग्याच्या पिठाचं ते पातळ माडगंच असतं.

सरांची चूक नाही. ते कोकणातले, त्यांना वाटतं नको म्हणजे नको. आमच्या ईट गावात नको म्हटलं की माणूस लाजतोय असं धरतात आणि दुप्पट वाढतात. माझंही तेच झालंय. अकरावीला सायन्स नको, असं मी तीनदा सांगितलं, तर वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, कळंबला एकाऐवजी दोन क्लास ठरवले. सोमवारी नाव घालायला जायचं.

म्हणून मला नकोपेक्षा जड शब्द हवाच होता. म्हटलं, आधी सरांवर लागू पडतो का बघू.

रविवारी आईनं पातेलं पुढं केलं. "घ्या की सर."

"नको वहिनी."

आईनं पळीभर ओतलं.

मी म्हणाले, "आई, सर माडग्याला डिटेस्ट करतेत."

"म्हंजी?" आण्णांनी विचारलं.

सरांनी आईकडं बघितलं. ती सकाळपासून चुलीपुढं होती, पळी अजून हातातच.

"म्हणजे... अगदी मनापासून," सर म्हणाले, आणि पुढचं माडग्यासकट गिळून टाकलं.

"मनापासून व्हय?" आण्णा खूश झाले. "मग सरांस्नी किटली भरून दे गं. आमची ज्ञानेश्वरी बी तशीच, सर. सायन्सला नको नको म्हणती, पर आतनं लई डिटेस्ट करती."

सरांना ठसका लागला.

इंग्रजीत आता काही राम उरला नव्हता. मी ताटावरून उठले. आवाज वक्तृत्वातलाच निघाला.

"आई, आण्णा, म्या लाजत न्हाय. सायन्स मला खरंच आवडत न्हाय. उद्या म्या कळंबला येणार न्हाय. म्या आर्ट्सलाच जाणार."