लुईसाचं वळण

माझी बायको व्हर्ना सेहेचाळीस वर्षं शिडं शिवत होती. ती निवृत्त झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं आमच्या तळघरात एक लांब टेबल मांडलं. मला म्हणाली, इथं लुईसा बांधायची आहे. चार फुटी, मूळ नौकेच्या आठव्या हिश्शाची, रिमोटवर चालणारी.

आमच्या केटल हार्बर गावात लुईसाचं नाव कुणी सहसा काढत नाही. गार्नेट हिमलमन अजून हयात आहेत, रोज पोस्टात येतात, म्हणून.

गार्नेट अडतीस वर्षांचे होते तेव्हा त्यांनी लुईसाचा आराखडा काढला. बत्तीस फुटी, एका डोलकाठीची, दिसायला फार देखणी नौका. हॅलिफॅक्सच्या एका दंतवैद्यानं ती बांधून घेतली. पण तिला एक खोड निघाली. वाऱ्याच्या तोंडातून नाळ, म्हणजे पुढचं टोक, पलीकडे न्यायची म्हटलं की ती अर्ध्यावर थबकायची आणि पुन्हा मागं पडायची. दुसऱ्याच उन्हाळ्यात बंदराच्या तोंडाशी ती अशीच अडली आणि खडकांवर गेली. माणसं वाचली, दंतवैद्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्यानंतर गार्नेटकडे कुणी नौका मागितली नाही. त्यांनी कागद गुंडाळून ठेवले, गावाच्या पाणी खात्यात मीटर वाचायची नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले.

व्हर्ना त्यांच्याकडे नकाशे मागायला गेली तेव्हा त्यांनी आधी दारच लावून घेतलं. मग थोड्या वेळानं उघडलं आणि पत्र्याच्या नळकांड्यातली गुंडाळी तिच्या हातात दिली. एकदा हसून झालंय लोकांचं, आता परत हसायचं असेल तर हसू देत, असं काहीसं बोलले. अट एकच घातली: ती कशी झाली ते मला येऊन सांगायचं नाही.

व्हर्नानं छपाईच्या दुकानातल्या यंत्रावर ते नकाशे दुप्पट मोठे करून आणले. प्लायवूडचे आडवे छेद, म्हणजे सांगाड्याच्या फळ्या, कापून टेबलावर उभे केले. आता त्यांच्यावर देवदाराच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या होत्या. तेवढ्यात, बरोबर दहाव्या दिवशी, स्वतः गार्नेट आमच्या दारात उभे राहिले. टोपी हातात, बूट बर्फानं भरलेले.

"पट्टीची जाडी वजा केलीस का?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कसली जाडी?"

"माझ्या रेघा नौकेच्या बाहेरच्या अंगाच्या आहेत, पोरी. तुझे छेद पट्टीच्या आत बसणार. जाडी वजा केली नाहीस, तर लुईसा बाळसं धरून येईल."

व्हर्ना सहासष्ट वर्षांची आहे. तिला पोरी म्हणणारा गावात हा एकच माणूस उरलाय. तिनं निमूटपणे सगळे छेद पुन्हा कापले. गार्नेट स्टुलावर बसून पाहत राहिले. यंत्रानं कागद एका बाजूनं किंचित ताणलाय हेही त्यांनीच मोजपट्टी लावून दाखवलं. दुपारी मी मासळीचे कटलेट आणि हिरव्या टोमॅटोचं लोणचं खाली नेऊन दिलं. ते जेवले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मग तो हिवाळाभर नेमच झाला.

त्या दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. लुईसा न्हाणीच्या टबात तरंगवून पाहिली तेव्हा ती शीड लावताच आडवी पडायला बघत होती. व्हर्नाला वाटलं आपलंच काही चुकलं. गार्नेट म्हणाले, तसं नाही, नौका लहान करता येते, वारा लहान करता येत नाही. सगळ्याच छोट्या नौकांना खाली जादा वजन लागतं. व्हर्ना लगेच खाली एक रुंद पातं बसवायला निघाली. त्यावर ते उखडले. पातं बसवलंस तर ती वेगळीच नौका होईल, मग तुला लुईसाबद्दल काय कळणार? शेवटी दोन बारीक पोलादी सळयांवर शिशाचा लांबुळका गोळा टांगायचं ठरलं. सळयांना पाणी फारसं अडत नाही.

एकदा ते गेल्यावर मी व्हर्नाला विचारलं, की हा सगळा खटाटोप कशासाठी. ती मेण लावलेला दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

"लुईसाचं मोठं शीड मी कापलं होतं," ती म्हणाली. "वीस वर्षांची होते. पहिलंच मोठं काम. मी त्याला फुगवटा जास्त ठेवला, त्यामुळं ती अडली का, हे तेव्हापासून मनात आहे."

पंचेचाळीस वर्षं मी या बाईशी संसार केला. हे मला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही लुईसाला जुन्या आरागिरणीमागच्या तळ्यावर नेलं. तिथं आमच्या क्लबचे आठ-दहा जण दर आठवड्याला छोट्या नौका चालवतात. गार्नेट येणार नव्हते. पण मी गाडी काढली तेव्हा ते फाटकाशी उभेच होते.

लुईसा सुंदर निघाली. तिरकी होऊन, पाणी कापत तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. व्हर्नानं सुकाणू फिरवलं. नाळ वाऱ्याकडे वळली, शिडं फडफडली, आणि ती तिथंच थबकली. मग हळूहळू मागं पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

क्लबातला बर्टन झ्विकर मनानं चांगला माणूस आहे. तो म्हणाला, एवढीशी तर आहे, तिला जोर नसतो, यावरून मोठीचं काही ठरत नाही.

"तुझी एवढीशी वळते ना, बर्टन?" गार्नेट म्हणाले. "मग हिला काय धाड भरली?"

"दोष माझ्या शिडाचा आहे, मिस्टर हिमलमन," व्हर्ना म्हणाली. "तेव्हाही तेच होतं. मी तसंच कापलंय, जुन्या मापानं."

गार्नेटनी तिला लुईसा काठाला आणायला सांगितलं. पुढचं छोटं शीड उतरवलं आणि फक्त मोठ्यावर सोडायला लावली. तसं केलं की, शीड कसंही कापलेलं असो, कुठल्याही नौकेची नाळ आपणहून वाऱ्याकडे धावायला हवी. लुईसा धावली, पण पुन्हा तशीच अडली. पाण्यात कुणी पुढून धरून ठेवल्यासारखी. गार्नेट गुडघ्यांवर बसले, तिला उचललं आणि नाळेखालून अंगठा मागं फिरवत नेला.

"तुझं शीड चांगलं आहे, पोरी," ते म्हणाले. "तेव्हाही चांगलंच असणार. हे बघ. इथं पुढं मी तळाचा कणा फार खोल ठेवला. नाळ वळायला जाते आणि हा पाण्यात भिंतीसारखा आडवा येतो."

घरी परतताना मला वाटलं, संपलं सगळं, आपण या म्हाताऱ्याला उगाच दुखावलं. पण ते स्वतःच्या घरी उतरले नाहीत. आमच्या तळघरात आले आणि पेन्सिल मागितली. व्हर्नानं नौका उलटी घट्ट धरली आणि त्यांनी नाळेपासून कण्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत एक बाकदार रेघ मारली. कापायचं काम व्हर्नानं केलं. दोन बोटं रुंदीची लाकडाची फाक जमिनीवर पडली. कड घासून, राळ लावून, रंग वाळेपर्यंत बुधवार उजाडला.

पुढच्या शनिवारी वारा जरा जास्तच होता. व्हर्नानं सुकाणू फिरवलं. लुईसाची नाळ वाऱ्यातून सरळ पलीकडे गेली, शिडं दुसऱ्या अंगाला भरली आणि ती निघालीसुद्धा. व्हर्नानं काही न बोलता रिमोट गार्नेटच्या हातात दिला. त्यांनी तिला अकरा वेळा वळवलं. मी मोजत होतो. अकराव्या वेळेनंतर ते बाकावर बसले आणि रुमालानं चष्मा पुसू लागले.

"मीटर वाचायचं काम काही वाईट नव्हतं," ते मला म्हणाले. "पण मला वाटायचं, आपल्याला नौका रेखाटताच येत नाही. सगळंच खोटं होतं असं वाटायचं. आणि चुकली होती एक रेघ."

व्हर्ना त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांचा हात हातात घेतला. मी बर्टनशी हवेबद्दल बोलत राहिलो.

गार्नेटनी मूळ नकाशावरची जुनी रेघ खोडली नाही. तिच्याच वर लाल शाईनं नवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि सही केली. बर्टननं त्याची नक्कल मागून नेली. येत्या हिवाळ्यात तो दुसरी लुईसा बांधतोय. आता आमच्या टेबलावर कोरा कागद पसरलाय. त्यावर एका अठरा फुटी नौकेची नाळ आणि अर्धं पोट उमटलंय. ही खरीखुरी, माणसं बसतील अशी. गार्नेट म्हणतात दोन हिवाळे लागतील. व्हर्ना म्हणते तीन, कारण डोलकाठी कुठं उभी करायची यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि काल दुपारपासून ते दोघं त्याच एका इंचावर अडून बसलेत.