घराण्याची हनुवटी

गिलेनला हनुवटीच नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. होती, पण नावापुरती. खालच्या ओठानंतर चेहरा घाईघाईने गळ्याला जाऊन मिळायचा. समोरून ते फारसं कळत नसे, म्हणून बावन्न वर्षं ती जगाला समोरूनच भेटली. पोस्टाच्या खिडकीत ताठ बसायची, फोटोत मान वळवायची नाही, आणि गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट घेऊन कडेची खुर्ची अशी अडवायची, की तिची एक बाजू फक्त भिंतीला दिसावी.

हनुवटी बदलून घ्यायचं तिच्या मनात कधीपासून होतं. आडवे येत होते ते वडील. म्हातारे ऑन्सेल्म एक्क्याऐंशी वर्षांचे, त्याच बँडमध्ये मोठा ढोल बडवायचे, आणि हनुवटीच्या बाबतीत लेकीपेक्षाही गरीब. रविवारी जेवायला पाहुणे आले, की भिंतीवरच्या आज्या-पणज्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "चार पिढ्या बघा! एकालाही कॉलरचं बटण लावताना हनुवटी आडवी आली नाही." पाहुणे हसायचे, गिलेनही हसायची. म्हाताऱ्याला या हनुवटीचा केवढा अभिमान! आपण ती बदलली तर बापाचा चेहरा बापाच्याच तोंडावर परत फेकल्यासारखं होईल, या विचाराने ती दर वेळी बेत पुढे ढकलायची.

तरी सप्टेंबरात ती कुणाला न सांगता लील शहरातल्या प्लास्टिक सर्जनकडे गेलीच.

डॉक्टर वेरब्रुग या बाईंनी बाजूने तिचा फोटो काढला. गिलेनने तो पाहायचं टाळलं.

"सिलिकॉनचा तुकडा असतो," बाई म्हणाल्या. "ओठाच्या आतून नाहीतर हनुवटीखालून छेद द्यायचा आणि तो हाडावर बसवायचा. तासाभराचं काम. सूज दोन-तीन आठवडे राहील, खरा आकार दिसायला काही महिने लागतील. ओठ बधिर होऊ शकतो. बहुतेकांचा पूर्ववत होतो, सगळ्यांचा होतोच असं नाही. जंतू शिरले किंवा तुकडा सरकला तर पुन्हा उघडावं लागतं."

"आणि क्लॅरिनेट?"

"सहा आठवडे हात लावायचा नाही. आणि पहिले दोन आठवडे खाणं सगळं मऊ."

"म्हणजे गाडीवरचे बटाट्याचे तळलेले चिप्स..."

"अजिबात नाही."

आमच्या उत्तरेकडच्या माणसाला एवढं ऐकून घाम फुटतो. पण गिलेन म्हणाली, "चालेल. उद्याच करून टाका."

"पंधरा दिवस विचार करायचा, मग करायचं. कायदा आहे. तुम्ही माझ्या पाया पडलात तरी चौदाव्या दिवशी मी सुरी उचलणार नाही."

ते पंधरा दिवस कायद्याने हनुवटीच्या विचारासाठी दिले होते. गिलेनने ते बापाला कसं सांगावं या विचारात घालवले. तीनदा ती त्यांच्या दारात गेली. तीनदा लीकच्या भाजीचं सूप पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत आली. शेवटी तिने सगळ्यांना एकच थाप मारली, की लीलमध्ये अक्कलदाढ काढायची आहे आणि काही दिवस तिथेच मैत्रिणीकडे राहणार.

"बावन्नाव्या वर्षी अक्कल?" बँडमास्तर म्हणाले. "उशिरा का होईना, आली म्हणायची."

ऑपरेशन नीट झालं. डोक्याभोवती पट्टा बांधून ती मैत्रिणीकडे बटाट्याची पेज गिळत पडून राहिली. चौथ्या आठवड्यात आरशासमोर हळूच बाजूने वळली, आणि एकटीच मोठ्याने हसत सुटली. इतकी साधी होती ती! चारचौघींसारखी हनुवटी. तेवढीच तर हवी होती.

त्या शुक्रवारी गावात परतून ती तालमीला गेली. वाजवायचं नव्हतं, पण नोव्हेंबरातल्या सेंत सेसिलच्या, म्हणजे वादकांच्या संतिणीच्या सणाची तयारी चुकवणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि गुपचूप मागे जाऊन बसायचीही सोय नव्हती, कारण आमच्याकडे तालमीला आलेला प्रत्येक जण प्रत्येकाच्या दोन्ही गालांना गाल लावतो. चाळीस माणसं. चाळीस चेहरे तिच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर येणार. हे दारात पाऊल टाकल्यावर तिच्या लक्षात आलं.

पहिली बाई म्हणाली, "केस कापलेस का गं?"

दुसरा म्हणाला, "विश्रांती मानवली तुला."

तिसऱ्याने विचारलं, "बारीक झालीस?" एकालाही कळेना. गिलेनला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

शेवटी ऑन्सेल्म आले. त्यांनी उजवा गाल लावला, डावा लावला आणि तिथेच थांबले. दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिले.

"गिलेन. माझी हनुवटी कुठे गेली?"

तिला रडूच फुटलं. "बाबा, चुकले मी. तुम्हाला सांगायचं होतं. तीनदा आले होते. तुम्हाला तिचा इतका अभिमान, मला वाटलं तुम्हाला..."

"अभिमान?" म्हातारा ओरडला. "अगं वेडे, तू जन्मलीस तेव्हा मी पहिल्यांदा तुझी हनुवटी पाहिली आणि तुझ्या आईची माफी मागितली! बावन्न वर्षं जीव खात होतं मला ते. मी हसलो तर तूही हसशील, तुला कमी टोचेल, म्हणून ते विनोद. दुसरं काय देता येत होतं मला?"

इतकी वर्षं दोघंही एकमेकांसाठी हसत होते, हे गिलेनला आत्ता कळलं, आणि तिने म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकले.

"जपून, जपून! नवी आहे ती," ऑन्सेल्म म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी ढोलावर अशी थाप मारली की सगळा बँड दचकला. "ऐका रे सगळे! आमच्या घराण्यात पाचव्या पिढीत पहिल्यांदा हनुवटी आली आहे! पोरी, उभी राहा. बाजूने. लोकांना बघू दे."

आणि गिलेन चाळीस माणसांसमोर बाजूने उभी राहिली.