तिखोयेचं पाणी

सिंगापुरातल्या पासिर रिसच्या कॉन्डोतला हॉल त्या रविवारी गच्च भरला होता. झऱ्याच्या पाण्यानं रोग बरे करतो म्हणणाऱ्या विश्वासजींनी संजीवला तपकिरी पाण्याच्या ग्लासात फुंकर मारायला लावली.

“हा तुमचा मधुमेह. नीट बघून घ्या. आणि हा तिखोयेचा झरा. रशियातलं चाळीस घरांचं खेडं. शंभरी गाठल्याशिवाय तिथं कुणी डोळे मिटत नाही.” त्यांनी कुपीतलं चमचाभर पाणी ग्लासात ओतलं. ग्लास नितळ झाला. हॉलभर हात जोडले गेले.

“आपले प्रबोधराव तिथं राहून आलेत. त्यांच्या तोंडून ऐका.”

प्रबोध रशियात इंजिनिअर झाला होता. एका सुट्टीत तो मित्राच्या आजीकडे तिखोयेला गेला होता. लाकडी घरं, बर्चची झाडं, घोटाभर चिखल. आजी झऱ्याचं पाणी प्यायची आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठी सात किलोमीटर तुडवत दवाखान्यात जायची. त्याला ते पक्कं आठवत होतं. पण सगळे कौतुकानं त्याच्याकडे वळले होते.

“हो, मी ते पाणी प्यायलोय,” एवढंच तो म्हणाला.

संजीवनं इन्सुलिन बंद केलं. नवव्या दिवशी तो स्वयंपाकघरात कोसळला. चार दिवसांनी शुद्धीवर आला, पण मूत्रपिंडं अधू झाली होती.

“तू प्यायलायस म्हणालास ना, म्हणून मी धीर केला,” तो प्रबोधला म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता. प्रबोधला मान वर करवेना.

संजीवची मुलगी क्षिप्रा शाळेत रसायनशास्त्र शिकत होती. तिनं घरी प्रबोधसमोर पाण्यात जखमेवर लावायचं आयोडीन टाकलं, मग व्हिटॅमिन सीची विरघळवलेली गोळी ओतली. तपकिरी रंग नाहीसा झाला. “इतकं सोपं आहे, काका. नो मिरॅकल, लाह,” ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

पुढच्या रविवारी प्रबोधनं तिला हॉलमध्ये नेलं. तिनं सगळ्यांसमोर तेच केलं. “श्रद्धा नसेल तर झरा रुसतो,” विश्वासजी पुटपुटले आणि कुपी पिशवीत टाकू लागले.

मग प्रबोधनं आजीच्या गोळ्यांचं सांगितलं.

संजीवची बायको मीनल उठली. “हे तेव्हा का नाही बोललात?”

“सगळे माझ्याकडे बघत होते, वहिनी. बरं वाटलं मला.”

ती खाली बसली. प्रबोध लोकांकडे वळला.

“पाणी तहान भागवतं, त्यानं मधुमेह जात नाही. औषध सोडायचं तर डॉक्टरांना विचारून सोडा. आणि कुणी ‘मी स्वतः पाहिलंय’ म्हणाला, तर तो ओळखीचा म्हणून गप्प बसू नका. त्यानं काय सांगितलं नाही, ते विचारा.”